दिल्लीच्या बागेत बोजारा

आई दिल्लीला आली ती दिल्ली पाहायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून सगळे तसंच समजतात. ती एक गोष्ट ठरवायला आली होती. माझी धाकटी बहीण तेव्हा बारावीत होती आणि तिला माझ्यासारखं दिल्लीत शिकायचं होतं. घरी त्यावर बरेच दिवस बोलणं चाललं होतं. शेवटी बाबांनी आपलं अंग काढून घेतलं. ते आईला म्हणाले, "मोठीच्या बारीले मी हो म्हणलो आन तू वर्षभर रडली. आता या बारीले तूच जाय, तूच पाय. तू हो म्हणशीन तं हो, नाई म्हणशीन तं नाई. मी मधात पडत नाई."

मी फोनवर हे ऐकत होते. थोड्या वेळानं आईनं भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं की ती येणार.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या बाजूला. सगळा धानाचा मुलूख. दिवाळी होऊन गेली होती, हलका धान घरात आला होता आणि जड धान अजून बांधीत, म्हणजे शेतात, उभा होता. या दोन कापण्यांच्या मधे आईला थोडे दिवस सापडतात. एरवी त्या दिवसांत ती घर सारवते, माहेरी जाऊन येते. या वेळी बहिणीला घेऊन ती वरठी स्टेशनावर दिल्लीच्या, निजामुद्दीनच्या गाडीत बसली.

मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे मी बरोबर चालले आहे की चुकते आहे हे विचारायला घरी कोणी नव्हतं. दिल्लीत तिसरं वर्ष लागलं तरी मी रस्ता ओलांडताना आधी दुसरं कोणी ओलांडतंय का ते पाहते. अशा मुलीनं आईला दिल्ली दाखवायची, आणि त्यावर बहिणीचं पुढचं ठरणार, याचं मला फार दडपण आलं होतं.

आई फलाटावर उतरली आणि तिनं आधी वर पाहिलं. त्या दिवसांत दिल्लीचं आभाळ कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

"एवढा धूर कोणाच्या घरचा व?"

"घरचा नाही आई. दिवाळीच्या सुमारास इथं हवा अशीच असते."

"आन तू हेच हवा खाऊन राहिली?"

माझ्या हातून पहिला डाव तिथंच गेला असं मला वाटलं. बहिणीनं माझ्याकडं पाहून डोळे मोठे केले, म्हणजे असं की, ताई, काहीतरी चांगलं दाखव लवकर.

मी त्या दिवशी दोघींना माझं कॉलेज दाखवलं, लायब्ररी दाखवली, मेट्रोत बसवलं. बहीण तोंड उघडं ठेवून सगळं पाहत होती. आई मात्र सोयऱ्याच्या सोयऱ्याचं घर पाहावं तशी पाहत होती. चांगलं आहे म्हणत होती आणि कशालाही हात लावत नव्हती. लायब्ररीत मी जिथं बसते ती खुर्ची दाखवली, तर तिनं खुर्चीची पाठ हळूच एकदा दाबून पाहिली, तेवढंच.

संध्याकाळी माझ्या खोलीवर आलो. मी जिथं भाड्यानं राहते त्या घरासमोर कॉलनीची एक लहान बाग आहे. दमलो होतो म्हणून म्हटलं, खोलीत कोंडून बसण्यापेक्षा तिथं बसू. आई फाटकाशीच थांबली.

"इथं कोणाले विचारा लागते का?"

"कोणालाच नाही. सरकारी आहे."

"म्हंजे फारेस्टवाल्यायचं?"

"नाही गं. सगळ्यांचं."

"सगळ्यायचं म्हंजे कोणाचं?"

मी फाटक ढकललं. ती आत आली, पण हिरवळीच्या कडेकडेनं, जशी बांधीच्या धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून चालते तशी, एका पायापुढे दुसरा पाय ठेवत. बहीण सरळ गवतात जाऊन बसली होती. आई तिला म्हणाली, "अवो, पेरल्यावानी दिसते थे. उठ तिथून." पण तेवढ्यात एक म्हातारी बाई आपल्या नातवाला घेऊन आली, तिनं गवतावर चादर टाकली आणि नातू लोळायला लागला. मग आईही हळूच खाली बसली. आधी टाचेवर, मग पूर्ण.

आमच्याकडं मोकळी जागा काही कमी नाही. तलावाची पार म्हणजे बांध आहे, बोडी म्हणजे लहान तळं आहे, रान आहे. पण बसायला कारण लागतं. पारीवर बाई बसली म्हणजे तिची म्हैस पाण्यात आहे, किंवा ती कोणाची वाट पाहते आहे, किंवा घरात भांडून आली आहे. आणि एखादी मुलगी एकटी बसली तर येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "कोणाची व तू? काहून बसली?" मायेनंच विचारतात, पण विचारतात. मी दिल्लीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात याच बागेत एकटी बसले होते. अंधार पडेपर्यंत बसले, आणि मला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी मला रडू आलं की आपल्याला इथं कोणी विचारतही नाही. पुढं हळूहळू तेच मला आवडायला लागलं. परीक्षेच्या दिवसांत खोलीत दुसऱ्या मुलींचे फोन चालतात, तेव्हा मी पुस्तक घेऊन इथंच येते. माझा निम्मा अभ्यास बागांमधे झाला आहे असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "उद्या बी बगीचाच दाखव. मोठा असन तं मोठा."

"आई, उद्या लाल किल्ला पाहू ना. संसद पाहू बाहेरून."

"किल्ला का पळून जाते? मले मानसं पायची हायेत. कोण येते, कसा बसते, कोणाकडे पायते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची पाहणी सुरू झालेली आहे.

सकाळी ती आमच्या आधी उठून समोरच्या बागेत जाऊन उभी होती. तिथं रोज सकाळी कॉलनीतले म्हातारे गोल करून उभे राहतात आणि व्यायाम म्हणून हात वर करून मोठमोठ्यानं हसतात. मला त्याची सवय झाली आहे. आई फाटकाचा गज धरून बघत होती.

"हे काहून हासून राहिले व?"

"तब्येतीसाठी."

"कोणी काई सांगतलं यायले?"

"काही नाही. नुसतंच हसतात."

आई बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "घरी हासू देत नसतीन." आणि चहाला खोलीवर परतली.

त्या दिवशी मी त्यांना लोदी गार्डनला नेलं. जुन्या घुमटांच्या मधे मैलभर हिरवळ, तळं, तळ्यात बदकं. मला ती बाग फार आवडते आणि मला तिचा अभिमानही वाटतो, म्हणजे जणू मीच ती लावली आहे. पण आत शिरल्यावर मला एकदम आठवलं की इथं जोडपी बसतात. प्रत्येक झाडामागं बसतात. मी आईला घुमटांकडं वळवत राहिले. हा इतका जुना आहे आई, हे नक्षीकाम बघ आई. पण आईला नक्षीकामात रस नव्हता. पहिल्याच वळणावर एक मुलगा मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि मुलगी त्याच्या केसांत बोटं फिरवत पुस्तक वाचत होती.

आई थांबली. मी मनात म्हटलं, संपलं.

"हे घरून सांगून येत असतीन का?"

बहिणीला हसू आवरेना. ती झाडाच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, "मला नाही माहीत आई."

"कोणी काई म्हणूनही नाई राहिलं त्यायले."

हे ती चांगलं म्हणून म्हणाली की वाईट म्हणून, हे तिच्या आवाजावरून कळेना. पुढं तळ्याच्या काठी एक रिकामं बाक दिसलं. आईनं बहिणीला तिथं बसवलं. "तू इथी बस. मी आन ताई चक्कर मारून येतो."

"एकटी?"

"मंग का बँड लावू तुह्यासाठी?"

हे काय चाललं आहे ते माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं. पावसाळ्यात आई धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बायांची टोळी चालवते. एखादी नवी मुलगी टोळीत आली की आई तिला दोन जुन्या बायांच्या मधात उभी करते आणि सगळ्यांना ताकीद देते की कोणी तिच्या वाट्याचं रोवायचं नाही आणि कोणी तिला शिकवायचंही नाही. अर्धा दिवस तसंच ठेवायचं. मुलगी रडली, चिडली, मागं पडली, तरी आई तिच्याकडं पाहत नाही असं दाखवते आणि सगळं पाहते. मलाही तिनं असंच उभं केलं होतं. मी नापास झाले होते, म्हणून मला कॉलेजात पाठवलं, असं ती गमतीनं सगळ्यांना सांगते.

तर ती मला ओढून एका घुमटाच्या भिंतीआड घेऊन गेली आणि तिथून बाकाकडं पाहायला लागली. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "गप."

बहीण आधी ओढणी सारखी करत बसली. मग मोबाईल काढला, परत ठेवला. एक माणूस धावत गेला. चौकीदार गेला. बदकं पाण्याबाहेर आली तेव्हा तिनं पाय वर घेतले. मग दोन मुलगे आले, तिच्याच वयाचे, आणि तिच्याशी काहीतरी बोलले. आईनं माझा दंड असा धरला की मला दुखलं. बहीण उठली, त्यांच्या हातातला मोबाईल घेतला, चार पावलं मागं गेली, त्यांचा फोटो काढला, मोबाईल परत दिला आणि पुन्हा बाकावर बसली. मुलगे निघून गेले. ती तळ्याकडं पाहत राहिली. आता ओढणीला हात लावत नव्हती.

आम्ही परत आलो तेव्हा आई अगदी सहज विचारल्यासारखी म्हणाली, "काय म्हणत होते थे पोट्टे?"

"कोणते? हां, थे होय. फोटो काढून मागत होते."

"मंग?"

"काढला. एकाचं मुंडकं कापल्या गेलं. तसाच देऊन देला मोबाईल."

आईनं पदर तोंडाशी नेला. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही. पण रात्रीच्या जेवणाला तिनं बहिणीच्या ताटात तिच्या आवडीची वांग्याची भाजी न मागता वाढली, आणि बहिणीनं टेबलाखालून मला चिमटा काढला.

तिसऱ्या दिवशी आम्ही बुद्ध जयंती पार्कला गेलो. तिथं आईला नेण्याचं मी आधीपासून ठरवलं होतं. आम्ही बौद्ध. आमच्या गावात विहार आहे, लहान आहे, पण बायांनी स्वतः विटा वाहून बांधलेलं आहे. दिल्लीच्या मधोमध, टेकडीवरच्या झाडीत एवढी मोठी बाग बुद्धाच्या नावानं आहे आणि तिथं पाण्याच्या मधे बुद्धाची मूर्ती आहे, हे मी फोनवर सांगितलं होतं तेव्हा आईचा विश्वास बसला नव्हता. त्या दिवशी ती पांढरी साडी नेसली. फाटकाशी तिनं कोणाला विचारायचं का असं विचारलं नाही. सरळ आत गेली. मूर्तीसमोर उभी राहून तिनं हात जोडले आणि वंदना म्हटली, विहारात म्हणते तशीच, आवाज न चोरता. बाजूला कुठल्या तरी शहरातून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. ते थांबले. त्यांच्यातल्या बाईनं आपल्या मुलांना खुणेनं गप्प केलं आणि वंदना होईपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. मला त्या वेळी काय वाटलं ते मी नीट सांगू शकणार नाही. माझी मान आपोआप ताठ झाली होती, एवढं आठवतं.

नंतर आम्ही झाडाखाली बसलो. बहीण पाण्याकडं फिरायला गेली. आई शेंगदाणे सोलत होती. सोलता सोलताच तिनं विचारलं, "तुले कधी भेव वाटलं का इथं? खरं सांगजो."

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. नाही म्हटलं तर बहिणीचं काम होईल, हेही मला दिसत होतं. पण बुद्धासमोरून उठून चार पावलांवर आम्ही बसलो होतो, आणि आई शेंगदाण्याकडं पाहत होती, माझ्याकडं नाही. ती असं पाहत नसली की तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

मी सांगितलं. पहिल्या वर्षी हिवाळ्यात मी शिकवणीहून येताना जवळचा रस्ता म्हणून एका बागेतून यायची. एकदा अंधार लवकर पडला. एक माणूस माझ्या मागं चालायला लागला. मी थांबले की तो थांबायचा. मी पळाले नाही, पण पावलं भराभर टाकली. चौकीदाराची खोली दिसली तिथं जाऊन उभी राहिले. माणूस निघून गेला. चौकीदारानं मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "बेटी, अँधेरे में इधर से मत आया करो." तेव्हापासून दिवे लागले की मी बागेतून जात नाही, रस्त्यानं जाते, लांब पडलं तरी.

आईचे हात थांबले होते. "घरी काहून नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर तू परत बोलावलं असतं."

तिनं थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली. "बोलावलं असतं."

मग तिनं उरलेले शेंगदाणे न सोलताच पिशवीत टाकले. बहीण परत आली, आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि तिला कळलं; त्या संध्याकाळचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं. बसमधे ती माझ्याजवळ बसली नाही. उतरताना हळूच म्हणाली, "ताई, तुले काय गरज होती सांगाची?"

"तिनं विचारलं."

"मंग? विचारू दे नं."

मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही चिडले असते. आपण खरं बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं, पण मला तेव्हा फक्त असं वाटत होतं की माझ्यामुळे तिचं दार बंद झालं. मी तर आधीच दिल्लीला येऊन शिकत होते, माझं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते तिचं.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी सामान बांधून झालं. आई म्हणाली, गाडीला वेळ आहे, आणखी एक बगीचा पाहू. बहीण म्हणाली, आता काय पाहायचं राहिलं. तरी आम्ही निघालो, वाटेचं खाणं पिशवीत घेऊन. चाणक्यपुरीच्या बाजूला एक मोठी बाग आहे, तिथं गेलो. थंडीची फुलं लावण्याचे ते दिवस होते. रस्त्याच्या कडेला एका मोठ्या गोल वाफ्यात पाच-सहा बाया रोपं लावत होत्या. ओली माती, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, सगळ्या वाकलेल्या, एका ओळीत.

आई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मी म्हटलं, "काय झालं?"

"थांब. अडवतीन आता."

आमच्याकडची रीत अशी आहे की रोवणा चालू असताना शेताजवळून कोणी जात असेल तर बाया चिखलाच्या हातानंच रस्त्यावर येतात, वाट अडवतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे काही ठरलेलं नसतं. कोणी पान-सुपारी देतं, कोणी चिवडा देतं, कोणी खाऊला पैसे देतं. दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो सरपंच असो की जावई. आणि ज्याला अडवलं त्याचाही मान होतो. न अडवता जाऊ दिलं तर तो माणूस घरी जाऊन विचार करत बसतो की आपल्यावर बाया रागावल्या का.

तर आई उभी राहिली. बाया आपल्या कामात. एकीनं मान वर करून पाहिलं आणि परत वाकली. आई थोडी पुढं सरकली, अगदी त्यांच्या समोर. तरी कोणी येईना. तिचा चेहरा पडायला लागला.

"आई, इथं तशी पद्धत नसेल," मी म्हटलं.

"रोवणा हाय नं?"

"फुलझाडं आहेत गं ती."

"मातीत लावून राहिल्या म्हंजे रोवणाच झाला." आणि ती सरळ वाफ्याशी गेली. "ए बाई! तुम लोग बोजारा नहीं मांगते क्या?"

बाया उभ्या राहिल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्यातली एक तरुण बाई, हातात रोप तसंच धरून, चांगुलपणानं म्हणाली, "यहाँ कुछ नहीं मिलेगा अम्मा. आगे मंदिर है, वहाँ बैठो."

म्हणजे आई मागायला आली आहे असं त्यांना वाटलं. बहिणीनं माझ्या पाठीमागं तोंड लपवलं. आईला मात्र अपमान वगैरे काही वाटलं नाही, तिला फक्त घाई झाली होती.

"मैं मांगती नहीं, बाई. मैं देती. मांगना तुमको है."

"हमको?"

"हाँ. तुम मेरा रस्ता रोको. फिर मांगो. फिर मैं देती."

बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. मग आईनं सगळं समजावून सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं आमच्या बोलीत, हातवारे करून, स्वतः वाकून रोवून दाखवत आणि स्वतःच रस्त्यावर येऊन स्वतःला अडवून दाखवत. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई आधी हसायला लागली. ती वाफ्यातून बाहेर आली, चिखलाचे दोन्ही हात पसरून आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लो, रोक लिया. अब जाके दिखाओ!"

आई इतकी खूश झाली की विचारू नका. तिनं पिशवी उघडली. गावाहून माझ्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू आणले होते, त्यांतले उरलेले मी त्यांच्याच वाटेच्या खाण्यात बांधून दिले होते. सगळे गेले. बायांनी नळावर हात धुतले आणि वाफ्याच्या कडेला बसल्या. आईही त्यांच्यात बसली. पहिल्या दिवशी गवतावर पाय द्यायला घाबरणारी हीच का, असं मला वाटून गेलं. त्यांचा मुकादम मोबाईलवर बोलत आला, काम का थांबलं म्हणून. म्हाताऱ्या बाईनं त्याच्याही हातावर एक लाडू ठेवला. तो लाडू हातात घेऊन फोनवर "हाँ सर, हाँ सर" करत परत गेला आणि सगळ्या खिदळल्या.

त्या बाया उत्तरेकडच्या बांदा जिल्ह्यातून आलेल्या होत्या. त्यांच्या गावाकडं धान होतो का, पाणी केव्हा येतं, हे आईनं विचारून घेतलं. मग म्हाताऱ्या बाईनं आमच्याकडं बोट केलं.

"ये दोनों तुम्हारी हैं?"

"हाँ."

"घुमाने लाई हो?"

"नहीं." आईनं पाठ जरा सरळ केली. "बड़ी यहाँ पढ़ती. बड़े कॉलेज में. आखरी साल है उसका. हमारे घर में पहली है."

मी खाली पाहायला लागले. माझ्या आईला माझ्याबद्दल परक्या माणसाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरी ती मला अभ्यास झाला का, जेवली का, एवढंच विचारते. गावात कोणी माझं कौतुक केलं तर विषय बदलते, नजर लागू नये म्हणून. आणि इथं ती मला एकेक शब्द जपून उच्चारत दाखवत होती, जसा नवा धान मुठीत घेऊन दाखवतात.

"और छोटी?"

आई आमच्याकडं वळली नाही. चिखल लागलेली साडीची किनार झटकत ती म्हणाली, "छोटी भी आएगी. अगले साल."

बहिणीच्या तोंडात लाडू होता. तो तिला चावताही येईना, गिळताही येईना.

"डर नहीं लगता अम्मा? इत्ती दूर, दो-दो बेटियाँ?"

"लगता," आई म्हणाली. "बड़ी को भी लगा था. कल बताई मेरे को. डरी, फिर भी रही. रस्ता बदल ली, पर रही. अब दो रहेंगी तो एक-दूसरी को देखेंगी." मग न वळताच माझ्याकडं बोट करून, "और खोटा नहीं बोलती मेरी बेटी. खोटा बोलती तो छोटी को यहाँ नहीं छोड़ती."

म्हाताऱ्या बाईनं मान हलवली. तिलाही मुली असाव्यात. ती उठली, कमरेवर हात ठेवून पाठ ताणली, आणि पुन्हा ओळीत जाऊन वाकली. बाकीच्याही गेल्या. तरुण बाई जाता जाता बहिणीला म्हणाली, "अगले साल आना तो इधर आना, फूल देखना," आणि बहिणीनं फक्त मान डोलावली.

आम्ही फाटकाकडं निघालो. मग बहिणीला राहवलं नाही. तिनं आईचा हात धरला.

"आई, खरंच?"

"काय खरंच?"

"मी येईन म्हणून सांगतलं तू त्यायले."

"मंग का त्या बायायजवळ खोटं बोलली मी? बोजारा देऊन?"

बहीण रस्त्यातच उड्या मारायला लागली. येणारे-जाणारे पाहत होते आणि आईनं तिला गप्प बस म्हटलं नाही. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी आईच्या हातातली हलकी झालेली पिशवी घेतली. ती पिशवी द्यायला आधी नाही म्हणत होती, मग दिली. बहीण पुढं धावली, तशी आईनं मागून आवाज दिला, मोठ्यानं, अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा.

"अवो, आधी बारावी तं पास हो!"